उन्हाची क्रीम

मे महिन्यात आई अकोल्याच्या दवाखान्यात होती. शेजारच्या खाटेवर लकव्यानं वाचा गेलेली एक बाई होती. ऐकू मात्र सगळं यायचं. तिचा नवरा दर्यापूरकडचा शेतकरी. रोज सकाळी तो तिचं तोंड ओल्या फडक्यानं पुसायचा आणि भेगाळल्या बोटांनी उन्हाची क्रीम लावायचा.

एकदा मी विचारलं, "काका, इथं कुठं ऊन?"

तो खाली पाहत म्हणाला, "एका उन्हाळ्यात मांगतली होती तिनं. मी म्हनलं, वावरात तुले कोन पाह्यते?"

बाईनं मान पलीकडे वळवली. त्याचा हात थांबला. मग तो उठला, खाटेला वळसा घालून पलीकडे बसला आणि राहिलेल्या गालाला क्रीम लावू लागला.