वन्संचा निळा वाडगा

स्वातंत्र्याला आठ-दहा वर्षं झाली असतील. माझ्या थोरल्या नणंदेला क्षय झाला, म्हणून सासरच्यांनी त्यांना मुळशीला, आमच्या घरी आणून सोडलं. आम्ही त्यांना गोठ्याच्या पडवीत ठेवलं. जेवायला निळ्या वेलबुट्टीचा वाडगा दिला. सासऱ्यांच्या चुलत्यानं तो मुंबईतल्या एका पारशाच्या घरून आणला होता. चिनी मातीचं भांडं आमच्या चुलीपाशी चालत नसे.

धरणावर गळ टाकायला एक गोरा साहेब यायचा. मुंबईत त्याचं कपाट असल्या जुन्या भांड्यांनी भरलेलं होतं, असं त्याचा खानसामा सांगे. एकदा दोघं तांदूळ घ्यायला दारात आले आणि साहेबाची नजर पडवीतल्या वाडग्यावर गेली. तो खानसाम्याशी भराभरा बोलला.

"तीनशे वर्षांचा वाडगा हाय म्हणतो साहेब. चीनहून जहाजानं आलेला. द्याल का?"

सासऱ्यांनी साहेबाच्या मनगटावरच्या घड्याळाकडं बोट केलं. साहेबानं ते तिथंच काढून दिलं.

मला वाडगा आणायला पाठवलं. वन्सं दूधभाकरी खात होत्या.

"वन्सं, वाडगा द्या."

"एवढं खाऊन तरी घेऊ दे, वैनी."

"साहेब खोळंबलाय."

त्यांनी वाडगा छातीशी धरला. मी हिसकावला. काला म्हशीपुढं ओतला, वाडगा राखेनं घासला आणि नेऊन दिला. साहेबानं तो उलटा करून बूड न्याहाळलं, नखानं टिचकी मारून कानाशी धरला, मग अंगातलं लोकरीचं जाकीट काढून त्यात गुंडाळला.

"कोण जेवायचं ह्यात?" खानसाम्यानं विचारलं.

"घरातली वडीलधारी," सासरे म्हणाले.

साहेबानं ते वहीत लिहून घेतलं. मीही मान हलवली.

वन्संना पत्र्याचा डबा दिला. त्याच्या काठानं त्यांचा ओठ चिरायचा. एकदा त्यांनी विचारलं, "साहेब काय खातो गं त्यात?"

"काय न्हाई. कपाटात ठिवतो. नुसतं बघायला."

त्या हसल्या, मग खोकत राहिल्या. मी नाकाला पदर लावून मागं सरले.

पुढं डबा भरलेलाच परत यायचा. मी तो गुपचूप म्हशीपुढं रिकामा करायची आणि सासूबाईंना सांगायची, "खाल्लं त्यांनी." माघात वन्सं गेल्या. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. माझ्या बाजूनं एवढंच सांगता येतं.