ओठाला विचारा

डिसेंबरचा पहिला रविवार, चॉकलेट अर्धा किलो, हजर आम्ही तिघे: ताई, माझी पत्नी आणि मी. ताईंनी वितळलेल्या चॉकलेटात चमच्याचे टोक बुडवले, खालच्या ओठाखाली टेकवले आणि डोळे मिटले. आम्ही दोघे उगाचच श्वास धरून उभे.

"होबे ना," त्या म्हणाल्या. म्हणजे जमणार नाही. "अजून ऊन आहे. ओठाला विचारावं, तो खोटं बोलत नाही."

तो चमचा धुवायला गेला, दुसरा आला. एकदा ओठाला लागलेला चमचा पुन्हा चॉकलेटात जात नसे. त्या दिवशी मी सात चमचे मोजले. सातव्याला "होबे!" आले आणि काम सुरू झाले.

बदली होऊन मी कोलकात्याला आलो तेव्हा बागबाजारातल्या एका बिनलिफ्टच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर घर मिळाले. ताई आमच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर राहत. वय बहात्तर, एकट्या, शाळेतून निवृत्त. जन्म इथलाच. "आपल्याला, मराठ्यांना, अडवायला इंग्रजांनी इथूनच खंदक खणायला घेतला होता," त्या म्हणत, "आणि बघा, आम्ही तीन पिढ्या त्याच जागी भाडं भरतोय." मराठी त्यांची स्वच्छ होती. निकाल तेवढा बंगालीत लागे.

आम्हाला बोलवायचे असले की त्या खलबत्त्यातला बत्ता फरशीवर दोनदा आपटत. आमच्या छतावर ठक ठक झाले की पत्नी म्हणे, "चला, वरून समन्स आलं."

बाजारात ज्याला ट्रफल म्हणतात त्याला त्या गोळा म्हणत. "लाडूच आहे हो. वरून कोट घातला म्हणून काय साहेब झाला?" आतल्या लाडवात साय, चॉकलेट, भाजलेले तीळ आणि थंडीतला ताजा खजुरी गूळ. गूळ घालण्याआधी आच बंद करायची, नाहीतर साय फाटते. कोटासाठी वितळवलेले चॉकलेट संगमरवरी फरशीवर ओतून सुरीच्या पात्याने पसरायचे, गोळा करायचे, पुन्हा पसरायचे. ते नेमके निवले तरच कोट चकचकीत होतो आणि दाताखाली टच्कन मोडतो. ही नेमकी वेळ ओठ सांगे.

मी ऑडिट खात्यातला माणूस. एकदा मुकाट्याने वजनकाटा घेऊन वर गेलो आणि हाताने वळलेले दहा गोळे एकेक करून तोलले. आठ बारा ग्रॅमचे निघाले, एक तेराचा, एक अकराचा.

"तेराचा बायकोला द्या," ताई म्हणाल्या, "अकराचा तुम्ही घ्या. काटा आणल्याचा दंड."

पुढच्या थंडीत मी थर्मामीटर आणला. त्यावर मात्र त्या खरोखर रागावल्या. "ऑडिटरसाहेब, मी काय तापाने फणफणलेल्या पोराची सेवा करतेय?" वेष्टनसुद्धा न काढता त्यांनी तो खणात टाकला.

त्यांचा आणखी एक नियम होता. घाण्यातला पहिला गोळा देवाला नाही, गेल्या वेळी ज्याने नावे ठेवली त्याला. "देव तक्रार करत नाही. जो करतो त्याचं तोंड आधी बंद करावं." हे कळल्यावर महाराष्ट्र मंडळातले लोक पहिल्या गोळ्याच्या आशेने नावे ठेवू लागले. मग ताईंनी पोटनियम काढला: कारण सांगा. नुसते 'बरा नव्हता' चालणार नाही. मला खोटी तक्रार करता येत नाही आणि खरी फारशी सापडत नसे, म्हणून मला पहिला गोळा एकदाच मिळाला. गूळ कमी पडला होता, त्याच्या आदल्या वर्षी.

संक्रांतीला मंडळाच्या चाळीस घरांत ताईंचे गोळे जात, बागबाजारपासून न्यू टाउनपर्यंत, घरटी दोन. ऐंशी आणि तो पहिला मिळून एक्याऐंशी. न्यू टाउनची मुले "थँक यू, आंटी" म्हणून हात पुढे करत. "गोड बोला" ऐकल्याशिवाय ताई मूठ उघडत नसत.

बंगळुरूच्या मुलाचा धोशा असे, आई, इकडे ये. त्याला त्यांनी एकदा ठणकावून सांगितले होते, "ज्या वर्षी माझे संक्रांतीचे गोळे बिघडतील, त्या वर्षी मीच फोन करीन, न्यायला ये म्हणून." ही गोष्ट त्या सगळ्यांना हसत सांगत. चौथ्या वर्षापर्यंत.

चौथ्या वर्षी, संक्रांतीला बारा दिवस राहिले असताना, छतावर ठक ठक झाले. मी वर गेलो. टेबलावर वीस गोळे होते आणि विसांच्या विसांना भस्माचे पट्टे ओढल्यासारखे पांढरे ओघळ आले होते. बोट लावले तर बोटाला चॉकलेट लागले.

"तिसरा घाणा हा," ताई म्हणाल्या. "ओठ होबे म्हणतो आणि सकाळी हे असं."

दिवाळीनंतर त्यांनी खालची एक दाढ काढून घेतली होती. दाढ वेडीवाकडी होती, ओठ काही महिने बधिर राहील, असे दंतवैद्याने आधीच बजावले होते. ताईंनी ते कोणाला सांगितले नव्हते. खालच्या ओठाची डावी बाजू त्यांना जाणवतच नव्हती.

"उजवीकडून विचारा," मी म्हणालो.

"विचारलं. तो डाव्याच्या भरवशावर जगत आलाय, त्याला काही कळत नाही." हसल्या, पण लगेच खुर्चीत बसल्या. "फोन करायला हवा मुलाला. शब्द दिलाय."

त्यांना मी कधी बसून स्वयंपाकघराकडे बघताना पाहिले नव्हते. मी खण उघडला. थर्मामीटर वेष्टनासकट तिथेच होता.

"हे नियमात बसतं का?" त्यांनी विचारले. "खरं सांगा, ऑडिटर म्हणून."

"मुलाला काय शब्द दिलात, तो जसाच्या तसा सांगा."

त्यांनी सांगितला.

"संक्रांतीचे गोळे बिघडले तर, असं आहे. संक्रांत अजून यायचीय. ओठाचा उल्लेख कुठेच नाही."

त्या विचारात पडल्या. "होबे," शेवटी म्हणाल्या.

"पण मुलाने मला विचारलं तर मी लपवणार नाही."

"लपवू नका. खोटं बोलणारा ऑडिटर घेऊन मी काय करू?"

पुढचे दोन रविवार मी आकडे वाचत उभा राहिलो. "चौतीस. तेहेतीस. साडेबत्तीस." ताईंचे डोळे फरशीवरच्या चॉकलेटाच्या चमकेवर. साडेएकतीसला मी तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या, "आत्ता!" दुसऱ्या रविवारी तसे तीनदा झाले. एक्याऐंशीच्या एक्याऐंशी गोळ्यांत आपला चेहरा दिसत होता.

संक्रांतीला मुलगा आला. गोळा दाताखाली टच्कन मोडला. त्याने माझ्याकडे पाहून विचारले, "काका, आईने एकटीने केले?"

"तीळ भाजले, गोळे वळले, बुडवले त्यांनी. थर्मामीटर मी धरला. त्यांचा ओठ बधिर आहे."

"आई! मला बोलली नाहीस?"

"तू तिळगूळ खायला आलायस की दाढ तपासायला?"

त्याने दुसरा गोळा उचलला. तो सावकाश संपवला. मग म्हणाला, "थर्मामीटरला एक जास्तीची बॅटरी आणून ठेवतो." आणि दोन दिवसांनी एकटाच परत गेला.

ताई त्यानंतर दोन हिवाळे राहिल्या. ओठ बराचसा सुधारला, गुडघे मात्र गेले. बंगळुरूला निघताना टॅक्सीपर्यंतच्या बावन्न पायऱ्या उतरायला आम्हाला बावीस मिनिटे लागली. खाली पोचून त्यांनी वर पाहिले. "लिहून ठेवा, ऑडिटरसाहेब. गोळे बिघडले म्हणून जात नाहीये. जिना बिघडलाय." संगमरवरी फरशी त्या आमच्याकडे ठेवून गेल्या. बत्ता सोबत नेला.

आता गोळे आम्ही करतो. मी आधी चमचा ओठाला लावतो, मग थर्मामीटर पाहतो. फरक अजून एका अंशाचा पडतो. वरच्या घरात नवे कुटुंब आले आहे. त्यांच्याकडे काही पडले की पत्नी अजूनही हातातले काम थांबवून छताकडे बघते.

पहिल्या वर्षी ताईंना दोन गोळे कुरिअरने पाठवले. फोन आला, "कोट जाड झालाय." खरे होते. नियमाप्रमाणे पुढच्या वर्षीचा पहिला गोळा त्यांचा. दुसऱ्या वर्षी, "तीळ कमी भाजलेत." तेही असेल. तिसऱ्या वर्षी मी स्वतः प्रत्येक गोळा उजेडात धरून पाहिला होता.

"यंदा काय?" मी विचारले.

"यंदा बरा नव्हता."

"ताई, कारण सांगावं लागतं. पोटनियम तुमचाच."

पलीकडून ठामपणे उत्तर आले, "एक तीळ कच्चा होता."

एक तीळ. तो त्यांनी खाऊन टाकलेला, तपासणार कसा? मी तक्रार मान्य केली. या जानेवारीत एक्याऐंशी गोळे झाले. ऐंशी चाळीस घरांत गेले. पहिला, साडेबारा ग्रॅमचा, कापूस लावलेल्या डबीत घालून बंगळुरूला रवाना केला, ताईंच्या नावे.