सोंगणीचा सदरा

मी गाव सोडलं तेव्हा आसेगावात सोयाबीनची सोंगणी चालू होती. ऊन असं की थांब्यावरची कुत्री उभ्या एसटीच्या खाली जाऊन पडलेली. अशा उन्हात मी जाड जाकीट घालून उभी होते, चेन गळ्यापर्यंत लावून. कडेवर तीन वर्षांची मैत्री, तिच्याही अंगात स्वेटर. बॅगेत ठेवलं तर वजन जास्त भरेल, विमानवाले अडवतील, अशी भीती. मैत्रीचे बाबा आधीच जर्मनीला गेले होते, तिथल्या हॉस्पिटलात नर्स म्हणून. आम्ही दोघी आता मागून चाललो होतो.

जाकीट मायनंच वाशीमच्या बाजारातून घेऊन दिलेलं. दुकानदार हसला होता, "मावशी, आमचा कूलर अजून बंद नाही झाला, अन् तुमी जाकीट मागून राह्यल्या?"

"लेक जर्मनीले चालली माही," माय म्हणाली. "तिथं बिनलायटीचा कूलर हाय म्हंते, रातंदिवस चालू."

थांब्यावर माय शेतातून तशीच आली होती. लुगड्यावर बाबांचा फुल बाह्यांचा सदरा, डोक्याला घट्ट बांधलेला दुपट्टा, हातात मोजे. पायातले मोजे, पण हातात. सोयाबीनच्या वाळल्या शेंगांची टोकं सुईसारखी लागतात, म्हणून सोंगणीला आमच्याकडच्या बाया अशाच जातात. भर उन्हात अंगभर कपडे. तिनं मोज्याच्याच हातानं माझं कपाळ पुसलं.

"गरम होते का वो?"

"नाही माय."

पाठीवरून घामाची धार चालली होती, तरी मी नाही म्हणाले. बाबा म्हणाले, "पोचल्यावर फोन कर." बस आली. माय खिडकीशी आली, गजाला हात लावला आणि लगेच काढला. "जाय. मलेही जा लागते, सोंगणी अर्धी पडली हाय." एवढंच. बस वळली तेव्हा ती पाठमोरी झाली होती आणि शेताच्या धुऱ्याकडे, बांधाकडे चालत होती. मला फार लागलं ते. लेक एवढ्या लांब चालली अन् हिला सोंगणीची घाई, असं नागपूर येईपर्यंत मनात घोळत राहिलं. जाकीट मी तरीही काढलं नाही.

तुमच्यातले जे गावात आहेत त्यांना हा सदरा माहीतच आहे. जे माझ्यासारखे निघून आले त्यांच्यासाठी सांगते, कारण आपण विसरतो. आमच्याकडे दसऱ्याला सगळे पांढरे कपडे घालून विहारात जातात. बाबांना दरवर्षी नवा पांढरा सदरा. मग गेल्या वर्षीचा मायकडे यायचा, सोंगणीसाठी. आठवड्याभरात त्याचा पांढरा रंग जायचा आणि मातीचा यायचा. बाबा चिडवायचे, "माह्या सदऱ्याले आता तुह्याच घामाचा वास येते. मी कोनता घालू?" माय म्हणायची, "नवा आनला ना तुमाले? मंग जुन्याच्या मांगं कायले लागता?"

मी नववीत असताना अशीच एक सोंगणी आली. मायच्या पायाला इळा लागला होता. तिच्या जागी मी गेले, तिचाच सदरा घालून. बाह्या इतक्या लांब की हात सापडायचे नाहीत. "पुढच्या सालापासून जाशीन शाळेत," माय म्हणाली होती आणि ते तिनं खरंच मनापासून म्हटलं होतं. पुढच्या साली दुसरं काही निघालं आणि शाळा राहिलीच. दोष कुणाचा नाही. पण तेव्हापासून शिकलेल्या माणसासमोर उभं राहिलं की मी नुसती मान हलवते, ती अजून हलवते.

इथं आल्यावर तर सगळेच शिकलेले. आणि सगळे चांगले, हे मला मुद्दाम लिहायचं आहे. हॉस्पिटलच्या लाँड्रीत मला काम मिळालं, चादरींच्या घड्या घालायचं. चुकले तर बाया हसून पुन्हा दाखवतात. पहिला हिवाळा सरल्यावर मैत्रीला किटामध्ये, म्हणजे इथल्या बालवाडीत, जागा मिळाली. प्रत्येक पोराला कपडे अडकवायला एक खुंटी आणि खुंटीवर एक चित्र. मैत्रीच्या खुंटीवर साळिंदरासारखा एक लहानसा काटेरी प्राणी आहे. तिच्या बाई बिर्गिट. त्यांना बाई म्हणायचं नाही, नुसतं नाव घ्यायचं. मला अजून जड जातं.

पण मैत्री तिथं बोलेना. घरात चिमणीसारखी चिवचिव आणि किटाच्या दारात पाय ठेवला की तोंडाला कुलूप. वसंत गेला, उन्हाळा गेला. बिर्गिट म्हणायच्या, वेळ द्या. मी मान हलवायचे आणि घरी येऊन विचार करायचे, माझ्यामुळं झालं का हे? मी त्यांच्यासमोर मुकी उभी असते, ते ती रोज बघते. आईच बोलत नाही तर पोर काय बोलेल?

मग मैत्रीच्या किटातली पहिली शरद ऋतूची थंडी आली, म्हणजे कॅलेंडरात आली. झाडं पिवळी झाली, पण दुपारचं ऊन आपल्यासारखंच. तरी रस्त्यावर सगळ्यांच्या गळ्यात मफलर, अंगात एक मधलं जाकीट. त्या जाकिटाला इथं वेगळं नावच आहे, दोन ऋतूंच्या मध्ये घालायचं म्हणून. सकाळी तोंडातून वाफ निघत होती. मी घाबरले. पोर आजारी पडली तर म्हणतील, हिला कपडे घालता येत नाहीत. म्हणून आतून गरम बनियन, त्यावर स्वेटर, त्यावर जाड जाकीट, टोपी, हातमोजे, आणि चिखलात खेळायची रबरी विजार असं सगळं चढवलं आणि सोडून आले.

दुपारी आणायला गेले तर मैत्री लालबुंद. केस कपाळाला चिकटलेले. उन्हात खेळली होती, तशीच, सगळं घालून. बाकीच्या पोरांनी एकेक कपडा काढून कुंपणावर टाकला होता. हिनं कुणाला सांगितलंच नाही. बिर्गिटच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी तिला आत नेलं, पाणी दिलं. त्या रागावल्या नाहीत. मला समजावं म्हणून हातानं कांदा सोलून दाखवला. त्स्वीबल, कांदा. कपडे असे घाला, थरावर थर, आणि जसं ऊन चढेल तसे काढा. मग मैत्रीकडे बघून हळूच म्हणाल्या, पण तिनं सांगायला पाहिजे. गरम होतंय, एवढं तरी.

त्या रात्री मी तिला घोकवलं. मिर इस्ट वार्म. मला गरम होतंय. तिनं पांघरूण तोंडावर ओढून घेतलं. मला माझाच थांब्यावरचा आवाज ऐकू आला. नाही माय.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुंटीजवळ तिचं जाकीट अडकवत होते, तेवढ्यात व्हिडिओ कॉल आला. आपल्याकडे तेव्हा दुपार होत आलेली असते. बाबांनी फोन धरला होता आणि धुऱ्यावर निंबाच्या सावलीत माय बसलेली. तोच अवतार. सदरा, दुपट्टा, हातात मोजे. मागं सोंगलेल्या सोयाबीनची रचून ठेवलेली सुडी.

"कुठं हाय माही मैतू? शाळेत गेली का?" मायनं विचारलं आणि फोनसमोरच दुपट्टा सोडला. मग मोजे ओढून काढले. मग सदऱ्याची बटनं. "थांब वो, जीव चालला उन्हानं."

बाबा मागून म्हणाले, "पाह्य मैतू, तुही आजी सोलून राह्यली सोताले."

मैत्री हसली. किटामध्ये, सगळ्यांसमोर, मोठ्यानं. बिर्गिट वाकून फोनमध्ये बघायला लागल्या. हे कोण, त्यांनी विचारलं. मी उत्तर देणार होते. शब्द जुळवत होते. माझ्या आधी मैत्री बोलली.

"माइने ओमा." माझी आजी. मग फोनवर बोट ठेवून, "त्स्वीबल!"

बिर्गिट खाली बसल्याच, तिच्या उंचीला. हो म्हणाल्या, दोनतीनदा. पोरं जमली, त्यांनी मायला हात हलवले, मायनं मोजा हलवला. मी खुंटीवरच्या त्या काटेरी प्राण्याकडे बघत उभी राहिले, कारण दुसरीकडं बघितलं असतं तर रडले असते. दुपारी न्यायला गेले तेव्हा मैत्रीचं जाकीट कुंपणावर होतं, बाकीच्यांच्या जाकिटांबरोबर. तिनं सांगितलं होतं.

रविवारी मी निवांत फोन केला. मायला सगळं सांगितलं आणि बोलता बोलता तोंडून निघून गेलं, "माय, थांब्यावर त्या दिवशी मले लय गरम होऊन राह्यलं होतं."

"मले दिसत नव्हतं का? सगळं तोंड घामानं थबथबलं होतं तुहं."

"मंग काढ काहून नाही म्हनली?"

"तू नाही म्हनली ना. तुह्या मनात असन, तसंच तुले जाऊ द्या लागते." मग ती म्हणाली, "अन् मले बी होत होतं. पन सदरा काढला असता तं मी तिथंच बसली असती. अन् एकडाव बसली असती, तं तुले जाऊ देल्लं असतं का मी?"

आता इथं खरी थंडी पडली आहे. घर कुठं आहे असं कुणी विचारलं तर मला आधी गावाचं नाव सुचायचं, मग इथल्या रस्त्याचं, मग गोंधळ व्हायचा. आता वाटतं, जिथं गरम होतंय असं सांगून अंगातलं काढून ठेवता येतं, ते घर. मायनं आणि मी, दोघींनी त्या थांब्यावर काहीच काढलं नाही. एवढ्या लांबून, उशिरा, आता एकेक काढून ठेवतो आहोत.