मागे राहण्याचं काम

"मी मागे राहतो म्हणून बाकीचे पुढे दिसतात," असं काका एकदा बांधावर बसून म्हणाले. हसण्यासारखं होतं, पण कोणी हसलं नाही. ते खरं होतं.

लहान शेतकऱ्यांच्या गटाने संशोधन केंद्राशी हातमिळवणी केली होती. टोमॅटोची नवी रोपं, ठिबक, जमिनीवर आच्छादन, आणि माल एकाच शिक्क्याच्या क्रेटमधून थेट शहराच्या मोठ्या बाजारात. नवं किती सरस ते दाखवायचं तर शेजारी जुनं हवं. चिठ्ठी काढली, काकांचं शेत निघालं. तीन हंगाम त्यांनी काहीही सुधारायचं नाही. मग त्यांनाही रोपं मिळणार, त्यांचाही माल शिक्क्याच्या क्रेटमध्ये जाणार. काकूंनी त्या क्रेटसाठी दाराजवळचा कोपरा आधीच रिकामा करून ठेवला.

बांधावर पाटी लागली, 'येथे काही बदलू नये'. काका तिच्याखाली बसायचे आणि हळूहळू तिच्यासारखेच झाले.

पहिल्याच हंगामात हाताने घात केला. उन्हाने रोपं माना टाकत होती, काकांनी सवयीने बुडाशी वाळलं गवत पसरलं. केंद्राच्या मॅडम मोजपट्टी घेऊन आल्या आणि गवतापाशी उकिडव्या बसल्या.

"काका, ही सुधारणा झाली."

"गवत आहे हो, मॅडम."

"गवतच. पण सुधारतंय."

दोघांनी मिळून ते वेचून काढलं. रोपांनी पुन्हा माना टाकल्या आणि मॅडमना हायसं वाटलं.

पुढे काका घरातही बिचकू लागले. काकूंनी गळकी बादली बदलली तरी विचारायचे, "केंद्राला चालेल ना?" केंद्राचे पाहुणे यायचे, काकांना पाटीशेजारी उभं करून फोटो काढायचे. "जरा मलूल दिसा," म्हणायचे. शेजारचं शेत काकूंच्या सख्ख्या भावाचं. तो ट्रकमध्ये क्रेट चढवताना ओरडायचा, "दाजी, जपा हं! तुम्ही सुधारलात तर आम्ही बुडालो!"

"आधी तुझं तोंड सुधार," काकू बांधावरून म्हणायच्या.

तिसरा हंगाम संपला. केंद्राच्या सभागृहात समारंभ झाला. पडद्यावर दोन शेतं, एक हिरवं, एक काकांचं. टाळ्या. शहरातल्या व्यापाऱ्याने गटाचा माल पुढेही घ्यायचं कबूल केलं. मग काकांना मंचावर बोलावून एक कुंडी दिली. चकचकीत कागदात गुंडाळलेली, आत नवं रोप.

मॅडम माइकपाशी आल्या. "आमच्या यशात यांच्या अपयशाचा वाटा सगळ्यात मोठा. इतकं निर्मळ अपयश शोधून मिळत नाही. म्हणून गटाने एकमताने ठरवलंय, आणखी तीन हंगाम हेच शेत!"

"एकमताने?" काकूंनी भावाकडे पाहिलं. तो स्वतःच्या पायाचा अंगठा न्याहाळत होता.

"आणि आमची रोपं?" काकूंनी उभं राहून विचारलं.

"दिलं की! शोभेला ठेवा. फक्त शेतात लावू नका."

काकांनी कुंडीवरचा कागद सोडवला, नीट घडी करून मॅडमच्या हातात दिला. कुंडी काखेत मारली आणि मंचाच्या पायऱ्या उतरले.

"काका, शेतात नाही हं!" मॅडम माइकवरून म्हणाल्या. "काका, निदान पाटीपासून लांब!"

मेहुणा दारात आडवा आला. रोपाची पानं तोंडाला घासली तसा बाजूला झाला. काका बाहेर पडून थेट शेताच्या वाटेला लागले.