फ्रेंच पॉलिशचा पाट

अक्का लग्न होऊन पुण्याला गेली आणि पहिल्या दिवाळसणाला भावजी आमच्याकडे बंगळुरात मल्लेश्वरमला आले. माणूस भारी अबोल. आमचं कन्नडमिश्रित मराठी ऐकून ते लग्नात हसले नव्हते, रागावलेही नव्हते. त्यांना आमचं घर पसंत आहे की नाही, याचा आईला घोर लागलेला. म्हणून त्यांच्या अभ्यंगाचा पाट चकचकीत करायचं काम मी अंगावर घेतलं.

‘फ्रेंच पॉलिश’ हा शब्द ऑफिसात साहेबांच्या टेबलाचं कौतुक चाललेलं असताना मी ऐकला होता. अर्थ विचारायचा कमीपणा कोण घेणार? दुकानातून चपडा लाख आणि स्पिरिट आणलं, एकत्र भिजवलं आणि आदल्या दिवशी ब्रशने पाटावर चांगलं जाड थापलं. फ्रेंच पॉलिश ही फ्रान्सहून येणारी वस्तू नसून एक रीत आहे. कापडाच्या बोळ्याने अगदी पातळ हात द्यायचा, वाळू द्यायचा, पुन्हा द्यायचा, हे मला फार उशिरा कळलं.

“पाण्याला टिकेल ना रे?” आईने विचारलं.

“फ्रान्समधली माणसं आंघोळ करत नाहीत होय?” मी म्हणालो.

नरकचतुर्दशीच्या पहाटे भावजी पंचा नेसून पाटावर बसले. तेल झालं, उटणं झालं, कढत पाणी झालं, ओवाळून झालं. भावजी उठेनात.

“रुसले वाटतं,” आई कुजबुजली. दिवाळसणाला जावई रुसून काही मागतो, ही रीतच. पण आमच्या घरी आजवर कोणी इतकं गंभीरपणे रुसलं नव्हतं.

वडील पुढे झाले. “जावईबापू, घड्याळ घ्यायचं ठरलंच आहे.”

भावजींनी मान खाली घातली.

“सरी,” वडील कन्नडात ‘बरं’ म्हणाले, “अंगठीही करू.”

भावजींची मान आणखी खाली. दाराआडून अक्का रडवेल्या आवाजात म्हणाली, “अप्पा, हे असे नाहीत हो.”

शेवटी भावजी घसा खाकरून बोलले, “मला घड्याळ नको, अंगठी नको. पंचा पाटाला चिकटलाय. एक कोरडा पंचा द्या, आणि सगळे स्वल्प बाहेर जा.”

त्यांच्या तोंडून ‘जरा’ऐवजी आमचं कन्नड ‘स्वल्प’ ऐकून अक्का पहिली हसली. आम्ही बाहेर पडून दार लोटलं. आतून आधी टर्रकन कापड फाटल्याचा आवाज आला आणि मग भावजींचं हसू. ते बराच वेळ थांबलं नाही. आईने तिथेच दाराबाहेर देवाला हात जोडले.