अर्धा मण, मनासाठी

पहाटे साडेपाचला वर्ध्याहून निघालो, तेव्हा सायकलच्या हँडलला एक पुठ्ठा बांधला होता. त्यावर मी वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘मनासाठी मदत’. वीस वर्षं शाळेत मराठी शिकवल्यावर माणसाला स्वतःच्या अक्षराचा गर्व होतोच. देवळी, पुलगाव, आर्वी आणि परत वर्धा, असा बेत होता. बिनगियरची काळी सायकल, पन्नाशीतले गुडघे आणि एका दिवसात सव्वाशेच्या आसपास किलोमीटर. आमच्या गावात दर बुधवारी मनाच्या आजारांचा एक लहानसा दवाखाना चाले. तिथे गोळ्या फुकट मिळत, आणि त्या वर्षी त्या पुरेनाशा झाल्या होत्या. फेरी पुरी केली तर वर्गणी देऊ, असं मित्रांनी कबूल केलं होतं. वाटेत मिळेल ते वेगळं.

याच दवाखान्यामुळे माझा धाकटा भाऊ विलास चार वर्षांत सावरला होता. हे घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. निघताना त्यानंच चाकात हवा भरून दिली.

“दादा, कोनी इचारलं तर माह्यासाठी चालला म्हणून सांगजो.”

“पाहू,” मी म्हणालो. त्याला त्यात काही वाटत नव्हतं. लाज मला वाटत होती.

देवळीपर्यंत मजेत गेलो. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती, हवेत गारवा होता आणि दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. बसस्टँडजवळच्या हॉटेलात गरम आलुबोंडा (आपला बटाटावडा) घेतला, वर झणझणीत तर्री. हॉटेलवाल्यानं पुठ्ठा वाचला.

“भाऊ, कोनासाठी फिरून राह्यले?”

“गरीब रुग्णांसाठी.”

त्यानं हात जोडले आणि माझ्याकडून पैसे घेतले नाहीत. मी खोटं बोललो नव्हतो, पण तोंड मात्र पटकन पुसून निघालो.

नाचणगावजवळ मागचं चाक बसलं. पंक्चरवाल्यानं ट्यूब पाण्यात बुडवता बुडवता तेच विचारलं, मी तेच उत्तर दिलं. “लय पुन्याचं काम आहे,” तो म्हणाला. मी मान डोलावली. खरं सांगायचं तर ऐकायला बरं वाटलं.

पुलगाव मागे पडल्यावर ऊन चढलं आणि आर्वीचा रस्ता लांबत चालला. आर्वी थोडी अलीकडे असताना रस्त्याकाठच्या खळ्यात सोयाबीनची मळणी संपत आलेली दिसली. पाणी मागायला थांबलो. कुटाराच्या (मळणीनंतरच्या भुशाच्या) ढिगाजवळ एक म्हातारी बसली होती. तिच्या मुलानं मला तांब्या दिला आणि माझा पुठ्ठा मोठ्यानं वाचून दाखवला. म्हातारीनं त्याला काहीतरी खूण केली. पाणी पिऊन होतंय तोवर पठ्ठ्यानं माझ्या कॅरियरवर एक पोतं बांधूनही टाकलं.

“हे काय?”

“अर्धा मन हाय,” म्हातारी म्हणाली. “आवंदा पुरा मन नाई देनं होत. भंडारा कोन्या गावाले आहे?”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे ‘ण’ कुणी म्हणत नाही. मण म्हणजेही मन आणि मन म्हणजेही मन. सुगीत भंडाऱ्यासाठी (गावजेवणासाठी) मणामणानं धान्य मागणारे येतात, तसा मीही एक, असं तिला वाटलं होतं. ज्या चुकीसाठी मी आयुष्यभर पोरांचे कान धरले, ती आज माझ्याच कॅरियरवर चढून बसली होती.

“आजी, मण नाही. मन.”

“मी बी तेच म्हणून राह्यली.”

शेवटी मी छातीवर हात ठेवला. “हे मन. हे आजारी पडतं, त्याच्या गोळ्यांसाठी.”

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “कोनाचं?”

गरीब रुग्णांचं, असं म्हणायला तोंड उघडलं होतं. “माझ्या भावाचं,” मी म्हणालो. “धाकट्या.”

“जेवते का आता बरा?”

“जेवतो. रात्रीचा स्वयंपाक तोच करतो.”

“मंग बरं आहे.” तिनं पोतं काही उतरवू दिलं नाही. तिची सून पलीकडे सुपानं उफणत होती. मी निघालो तशी ती रस्त्यापर्यंत आली आणि हळू आवाजात म्हणाली, “भाऊ, त्या दवाखान्याचा वार कोनता?”

मी वार सांगितला, पत्ता सांगितला. तिनं दोन्ही पुटपुटून पाठ केले आणि परत कामाला लागली.

आर्वीच्या बाजारात आडत्यानं पोतं उतरवून घेतलं आणि त्याचे पैसे मोजून दिले. धान्य कुणाचं, कशासाठी, सगळं विचारलं. या वेळी मी अडखळलो नाही. त्यानं पुढं दवाखान्याचीच चौकशी केली. दोन संत्री खाऊन वर्ध्याचा रस्ता धरला. चढावर दोनदा उतरून सायकल ढकलली, पण मन खुशीत होतं. कॅरियर हलकं झाल्यामुळे असेल, असं आधी वाटलं.

दिवेलागणीला घरी पोचलो. विलासनं गरम पाण्याची बादली पुढं ठेवली.

“सांगतलं?”

“सांगितलं. आर्वीच्या थोडं अलीकडून.”

त्यानं मनातल्या मनात रस्ता मोजला. “म्हंजे देवळी-पुलगावचे लोक तुले लय दयाळू मानूस समजत असतीन.”

मी पाण्यात पाय बुडवले. चार वर्षं मी त्याला जपलं, असं समजत होतो. खरं तर मी स्वतःलाच जपत होतो, आणि तो ते ओळखूनही रोज माझं ताट वाढत होता.