'खाली'

रिकाम्या गोलसमोर, बॉल पायात असताना, मी पालथा पडलो. कुणी पाडलं नाही. स्वतःहून.

लखनौ, नव्वदच्या दशकातला एक डिसेंबर. मी मूळचा कोल्हापूरचा स्ट्रायकर. दोन सीझन मस्कत, एक ढाका. दरवेळी करार संपायच्या आधीच क्लबवाले मला बॅगेसकट एअरपोर्टवर सोडून यायचे. तिशी उलटली होती. इथल्या एका बँकेला टीमसाठी माणूस हवा होता. विकास नगरच्या मैदानावरची ही मॅच जमली, तर नोकरी कायमची. निशातगंजातल्या भाड्याच्या खोलीत बायको सामान बांधलेलंच ठेवून बसली होती. "आधी तुमचं ठरू द्या, मग भांडी काढते," म्हणाली.

सकाळचे दहा, पण धुकं असं की स्वतःचे बूट दिसेनात. लाइन्समनचा नुसता झेंडा हवेत हलायचा, खाली माणूस नाहीच. शेजारून कुणी धापा टाकत जायचं. वळून बघावं तर दबलेलं ओलं गवत तेवढं. परदेशात मी डोळ्यांनी खेळलो, कारण अरबी-बंगाली ओरडणं डोक्यावरून जायचं. इथं सगळी भिस्त कानांवर.

शेवटच्या दहा मिनिटांत बॉल आपसूक घरंगळत माझ्या पायाशी आला. कुणी दिला, दिसलं नाही. मी सुटलो. मागचे आवाज एकेक करून विझत गेले. समोर दोन पांढरे खांब उगवले. मध्ये गोली नव्हता. आणि अगदी मानेपाशी, म्हाताऱ्या गार आवाजात कुणीतरी म्हणालं, "खाली!"

कोल्हापुरात आमच्या तालमीच्या मैदानावर शेजारीच क्रिकेट चालायचं, चेंडू डोक्यावरून सणसणत जायचे. "खाली!" ऐकलं की आधी आडवं व्हायचं, मग चौकशी. हिंदीत खाली म्हणजे रिकामं, हे मला ठाऊक होतं हो! पण पळताना माणूस आईच्याच भाषेत ऐकतो.

गालाला चिखल लागला. बॉल खांबाबाहेरून सरपटत गेल्याचं ऐकू आलं. मग कुणीतरी मला ओलांडून, सावकाश, जाळीकडे गेलं. मान वर केली. कुणी नाही.

मॅच शून्य-शून्य सुटली. मी प्रत्येकाला विचारत सुटलो, ओरडलं कोण?

आमच्यातला एक म्हणाला, "भैया, हम तो सब हाफ लाइन पर थे."

समोरच्या टीमचा गोली चिडला. "मैं भला क्यों बताऊँगा कि गोल खाली है?"

सगळ्यांनी एकदम गोलकडं पाहिलं. वारा नव्हता. जाळी हलत होती.

बँकेचे कोच पान चघळत निवडीची यादी बघत होते. मी हळूच म्हणालो, "सर, वहाँ सचमुच कोई था. शायद भूत..."

त्यांनी माझ्या नावावर शांतपणे रेघ मारली.

"जनाब, फिर तो भूत को ही रख लेते हैं. उसे फुटबॉल आता है."